सिनेटला पत्र लिहिताना ‘आपला माणूस’ हे शब्द खोडा

माझे वडील सांगलीच्या कोर्टात शिरस्तेदार होते. साहेबांची बदली झाली की नवे साहेब कोण, कुठून येणार, तापट की शांत, याची चर्चा आमच्याकडे रात्रीच्या जेवणापर्यंत चालायची. पण त्या साहेबांच्या नेमणुकीत तुमच्या-आमच्यासारख्याचा काही संबंध असू शकतो, असं कुणी म्हटलं असतं तर वडिलांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत एका लहान वकिली फर्ममध्ये पॅरालीगल आहे. काम तसं वडिलांचंच. तारखा सांभाळायच्या, कागद लावायचे, आणि न्यायाधीशानं खडसावण्याआधी वकिलाला जागं करायचं. फरक असा, की इथे फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट त्यावर मत देतं, आणि मत देण्याआधी साध्या माणसाचं पत्रसुद्धा सिनेटच्या ज्युडिशिअरी कमिटीच्या, म्हणजे नावं तपासणाऱ्या समितीच्या, फाइलला लागू शकतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वकीलबाईंचं नाव पुढे आलं. त्यांचं नाव, राज्य, साल काही सांगणार नाही. आज त्या न्यायासनावर बसतात आणि त्यांच्या नावावर मी मिरवणं बरं दिसत नाही. आमच्या फर्मशी त्यांचा संबंध एवढाच, की दोन मोठ्या दाव्यांत त्या समोरच्या बाजूला होत्या आणि दोन्ही वेळा आम्ही हरलो. तरीही आमच्या फर्मच्या वकीलसाहेबांनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं, त्याचा मसुदा मी केला, आणि वर आमच्या मराठी मंडळातल्या उत्साही लोकांना आवरायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्या पाच-सहा महिन्यांत मी ज्या चुका केल्या आणि पाहिल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय. आता आपल्यातली बरीच मुलं इथे वकिली करतात. आज ना उद्या तुमच्या ओळखीतल्या कुणाचं तरी नाव येईल आणि व्हॉट्सॲपवर ‘सगळ्यांनी सपोर्ट करा’ असा निरोप फिरेल. सपोर्ट करायचा म्हणजे नक्की काय करायचं, ते त्यात कुणी लिहीत नाही.

आधी कोर्ट कुठलं ते समजून घ्या

मी हे काम करतेय म्हटल्यावर पुण्याहून भावाचा फोन. ‘डिस्ट्रिक्ट जज म्हणजे शिवाजीनगर कोर्टातलाच ना? त्याला सिनेट कशाला लागतं?’ नावानं गोंधळ होतो खरा. इथलं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचे खटले जिथे पहिल्यांदा उभे राहतात ते कोर्ट. साक्षीपुरावे तिथेच, ज्युरीही तिथेच. देशात अशी ९४ कोर्टं आहेत. न्यू जर्सी राज्यभर एकच डिस्ट्रिक्ट, पण ते नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन अशा तीन गावांत बसतं. तिथला न्यायाधीश राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखाली नेमला जातो, म्हणजे निवृत्तीचं वय नाही, बदली नाही, वागणूक नीट असेतो तहहयात. आपल्याकडे हायकोर्ट-सुप्रीम कोर्टासाठी ज्येष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम आपापसात बसून नावं ठरवतं. इथे दुसऱ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्षांनी नाव द्यायचं आणि सिनेटनं होकार द्यायचा.

ट्रायल कोर्ट आहे, ही गोष्ट पत्र लिहिताना डोक्यात पक्की ठेवा. २०१७च्या डिसेंबरात मॅथ्यू पीटरसन नावाचे गृहस्थ वॉशिंग्टन डीसीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी कमिटीसमोर आले. सिनेटर जॉन केनेडींनी, जे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे होते, त्यांना साधे प्रश्न विचारले: कधी खटला चालवलात का, ‘मोशन इन लिमिने’ (अमुक पुरावा ज्युरीपुढे येऊ देऊ नका, असा खटल्याआधीचा अर्ज) म्हणजे काय. उत्तरं येईनात. थोड्याच दिवसांत पीटरसननी आपलं नाव मागे घेतलं. गृहस्थ कायद्यात अडाणी नव्हते, निवडणूक आयोगावर होते. पण या खुर्चीला कोर्टात उभं राहिलेला माणूस लागतो. तेव्हा ‘फार हुशार आहेत, हार्वर्डला होत्या’ हे सांगून काही होत नाही. कोर्टात त्या कशा वागतात, हे ज्यानं पाहिलंय त्याच्या चार ओळींना किंमत येते.

खरी खटपट नाव जाहीर होण्याआधीची

हे मला फार उशिरा कळलं. जागा रिकामी होणार हे महिनोन्महिने आधी माहीत असतं. न्यायाधीश पासष्टीला पोहोचले आणि पंधरा वर्षं भरली, की ‘सीनियर स्टेटस’ घेऊन कामाचा भार कमी करू शकतात आणि त्यांची जागा मोकळी होते. मग त्या राज्याचे दोन सिनेटर नावं शोधतात. काही जण वकिलांची एक छाननी समिती बसवतात, अर्ज मागवतात, मुलाखती घेतात. ज्या कुणाला ‘हिनं न्यायाधीश व्हावं’ असं मनापासून वाटतं, त्यानं या टप्प्यावर सिनेटरच्या राज्यातल्या ऑफिसला लिहावं. नंतरची शंभर पत्रं आणि आत्ताची तीन, यांत मी तीन घेईन.

कारण घरच्या सिनेटरच्या हातात ‘ब्लू स्लिप’ असते. निळ्या कागदाची चिठ्ठी. तुमच्या राज्यातल्या कोर्टासाठी अमुक नाव आलंय, तुमचं म्हणणं काय, असं कमिटी त्यांना विचारते. साधारण १९१७पासूनची ही प्रथा आहे, कायदा नव्हे. अपील कोर्टांसाठी ती आता कुणी जुमानत नाही, पण डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी अजून पाळतात. दोघांपैकी एकाची चिठ्ठी परत आली नाही तर नाव तसंच पडून राहतं, सुनावणीसुद्धा होत नाही. म्हणून सगळ्यात आधी एवढं विचारून घ्या: दोन्ही चिठ्ठ्या आल्यात का? नसतील, तर बाकी सगळं सोडून त्या एका ऑफिसकडे वळा. आमच्या वेळी दोन्ही आल्या होत्या आणि मंडळी आठवडाभर चुकीच्या दारावर धडका मारत होती.

नाव जाहीर होण्याआधी एफबीआयचा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना भेटतो. तुमच्या दारात आला तर जे माहीत आहे ते सरळ सांगा. आपल्याकडे पासपोर्टच्या पोलीस तपासणीला शेजारी ‘अगदी देवमाणूस आहे हो’ म्हणून मोकळे होतात, तसं नको. तसंच अमेरिकन बार असोसिएशनची एक समिती १९५३पासून उमेदवारांची पारख करून ‘वेल क्वालिफाइड’, ‘क्वालिफाइड’ किंवा ‘नॉट क्वालिफाइड’ असा शेरा देत आलीय. २०२५मध्ये न्याय खात्यानं ठरवलं, की नॉमिनींनी, म्हणजे ज्यांचं नाव राष्ट्राध्यक्षांनी दिलंय त्यांनी, या समितीला मुलाखत द्यायची नाही. त्यामुळे त्या शेऱ्याचं वजन आता कोण सत्तेवर आहे यावर ठरतं. तरी कुणी विचारलंच तर उत्तर द्या, आणि जे बोललात ते दुसऱ्या दिवशी भिशीत सांगत बसू नका.

नॉमिनीला फोन करू नका

नाव आल्या आल्या आमच्या ओळखीतल्या तिघांनी बाईंना अभिनंदनाचे लांबलचक ईमेल पाठवले आणि खाली विचारलं, ‘आम्ही काय करू?’ काही उत्तर आलं नाही. मग रुसवेफुगवे. अहो, या काळात त्या बोलू शकत नाहीत. पत्रकारांशी नाही, समाजमाध्यमांवर नाही, आणि स्वतःसाठी मोहीम चालवताना तर अजिबात दिसता कामा नये. तुम्ही त्यांना लिहिलेलं आणि त्यांनी तुम्हाला लिहिलेलं, दोन्ही उद्या सिनेटरच्या टेबलावर पडू शकतं असं समजून चाला.

एक मदत मात्र खरोखर उपयोगी पडते आणि ती कुणाला सुचत नाही. सिनेटची ज्युडिशिअरी कमिटी नॉमिनीकडून एक भलीमोठी प्रश्नावली भरून घेते. आजवर लिहिलेला प्रत्येक लेख, दिलेलं प्रत्येक भाषण, प्रत्येक संस्थेचं सभासदत्व, चालवलेले दहा महत्त्वाचे खटले आणि त्यांत समोर कोण वकील होते, सगळं. एखादं भाषण राहिलं आणि नंतर यूट्यूबवर सापडलं, की ‘लपवलं’ म्हणायला माणसं टपलेली असतात. या बाईंनी फार वर्षांपूर्वी आमच्या मंडळात घरभाड्याच्या करारांवर तासभर माहिती दिली होती. त्यांच्या ऑफिसातून कुणाचा तरी फोन आला: तारीख काय होती, रेकॉर्डिंग आहे का, काही कागद वाटले होते का? मंडळाची जुनी कागदपत्रं माजी खजिनदारांच्या तळघरात, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांखाली. मी आणि खजिनदारांची बायको एक अख्खा शनिवार तिथे बसलो. कार्यक्रमपत्रिका मिळाली. त्यावरची तारीख आमच्या सगळ्यांच्या आठवणीपेक्षा वर्षानं वेगळी निघाली. रेकॉर्डिंग नव्हतं, तसं लिहून कळवलं. माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपात मंडळानं केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

पत्र

आता मुख्य गोष्ट. साहेब म्हणाले, ‘मसुदा कर.’ मी पहिल्या खेपेला काय लिहिलं ते मराठीत सांगते: ‘त्या अत्यंत बुद्धिमान, मेहनती, सचोटीच्या आणि निःपक्षपाती असून या पदासाठी सर्वथा योग्य आहेत.’ साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, ‘यात नाव बदललं की कुणालाही चालेल.’ खरंच होतं. लग्नाच्या बायोडेटात ‘मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष’ लिहितात त्यातलाच प्रकार.

मग आम्ही जुन्या फायली काढल्या. त्यात एक ईमेल सापडला. आमच्या साहेबांच्या आई अतिदक्षता विभागात होत्या आणि उत्तर दाखल करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. साहेबांनी संध्याकाळी सात वाजता बाईंना लिहिलं. वीस मिनिटांत उत्तर: मुदतवाढीला आमची हरकत नाही, कोर्टाला मी कळवते, तुम्ही आईजवळ राहा. आणि तीन आठवड्यांनी त्याच बाईंनी त्याच उत्तराच्या कोर्टात चिंधड्या उडवल्या. दुसरी गोष्ट दुसऱ्या दाव्यातली. कागदपत्रं अदलाबदल करताना त्यांच्याच अशिलाला अडचणीत आणणारा एक कागद त्यांच्या हाती लागला. आम्ही मागितलेल्या यादीत तो बसत होता, पण तो आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी तो स्वतःहून दिला. आम्ही तरी हरलो, ती गोष्ट वेगळी.

पत्रात या दोनच गोष्टी राहिल्या. वर एक परिच्छेद: मी कोण, किती वर्षं वकिली करतो, या बाईंना कसा ओळखतो, त्यांच्याविरुद्ध दोनदा उभा राहिलो आणि दोनदा हरलो. खाली एक वाक्य: माझा पुढचा अशील कुठल्याही बाजूचा असो, त्याचा खटला यांच्यासमोर चालावा असं मला वाटेल. पान सव्वा पान. त्याहून लांब लिहू नका. कमिटीच्या ऑफिसात वाचणारी मुलं पंचविशीतली असतात आणि त्यांच्यापुढे ढीग असतो.

मायना कमिटीच्या चेअरमनना आणि रँकिंग मेंबरना, दोघांना एकत्र. रँकिंग मेंबर म्हणजे अल्पमतातल्या पक्षाचा कमिटीतला म्होरक्या. फक्त आपल्या आवडत्या पक्षाच्या माणसाला लिहिलंत तर पत्र तिथेच पक्षाचं होऊन बसतं. घरच्या सिनेटरना प्रत द्या. टपालानं पाठवू नका. २००१मध्ये पाकिटांतून ॲन्थ्रॅक्सची पूड पाठवली गेली, तेव्हापासून कॅपिटॉलचं, म्हणजे इथल्या संसदेचं, टपाल आधी दुसरीकडे तपासून मग आत येतं, त्यात दिवस जातात. पीडीएफ करून ईमेलनं पाठवा आणि ते सार्वजनिक होणार हे धरूनच लिहा. अशिलांची नावं, घरच्या आजारपणाचे तपशील, कुणाची गुपितं नकोत. साहेबांच्या आईची गोष्ट घालण्याआधी मी साहेबांना दोनदा विचारलं. तुम्ही सरकारी नोकरीत असाल किंवा कंपनीत, तर कंपनीचं लेटरहेड विचारल्याशिवाय वापरू नका. साध्या कागदावर ‘हे माझं वैयक्तिक मत’ असं लिहिलं तर काही बिघडत नाही.

कुणाचं पत्र हवं? हरलेल्या वकिलाचं पहिलं. मग हाताखाली काम केलेल्या ज्युनिअरचं, कारण माणूस वरच्याशी कसा वागतो हे सगळेच सांगतात. सरकारी वकील, बचाव पक्षाचे वकील, पोलीस अधिकारी, असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एकाच नावासाठी लिहितात तेव्हा कमिटी खरोखर थांबून बघते. कोर्टातल्या दुभाष्याचं पत्र मी कधी पाहिलं नाही, पण पाहायला आवडेल. त्या माणसाइतकं कोर्ट कुणी ऐकत नाही. पदावर असलेल्या फेडरल न्यायाधीशांना मात्र गळ घालू नका. त्यांच्या आचारसंहितेत अधिकृतपणे विचारणा झाली तर उत्तर देण्याची मुभा आहे, तुमच्या मोहिमेत सामील होण्याची नाही.

आणि आता ते ‘आपला माणूस’. मंडळातल्या एका काकांनी मसुदा फिरवला: बाई आपल्या वंशाच्या आहेत, आपल्या समाजाचे व्हिसाचे प्रश्न त्यांना कळतात, त्या आल्या तर आपल्याला न्याय मिळेल. त्यावर चाळीस सह्या गोळा झाल्या होत्या. मी काकांच्या घरी जाऊन बसले. काकूंनी पोहे केले. दीड तास लागला. काकांना म्हटलं, ‘समजा हेच पत्र दुसऱ्या समाजानं त्यांच्या माणसासाठी लिहिलं, आणि तुमचा दावा त्याच्यापुढे लागला, तर?’ काका गप्प. न्यायाधीशाच्या बाजूनं ‘हा आम्हाला झुकतं माप देईल’ असं सांगणं म्हणजे विरोधकांच्या हातात आयती काठी देणं. सुनावणीत तेच वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. अभिमान वाटायला हरकत नाही. २००८मध्ये अमूल थापर केंटकीत डिस्ट्रिक्ट जज झाले तेव्हा दक्षिण आशियाई वंशाचे ते पहिलेच, ही नोंद आहे आणि ती सांगण्यात गैर काही नाही. पण पत्रात ते एका ओळीपेक्षा जास्त नको, आणि ‘आपल्याला’ हा शब्द तर कुठेच नको.

त्या चाळीस सह्यांचं काय झालं ते सांगते, कारण ती चूक माझी. काकांचा मसुदा रद्द करून मी नवा लिहिला, सभ्य, आणि सगळ्यांनी तोच आपापल्या नावानं पाठवला. एका सिनेटरच्या ऑफिसातल्या मुलीला मी नंतर विचारलं. ती फार गोड आवाजात म्हणाली, ‘एकाच मजकुराची पत्रं आम्ही एकत्र मोजतो.’ चाळीस पत्रं, एक रकाना. त्यापेक्षा चाळीसातल्या चौघांना खरंच काही सांगण्यासारखं होतं, त्यांनीच लिहायला हवं होतं. उरलेल्यांनी फोन करायचा.

फोन, मंडळ आणि पैसा

फोन अर्ध्या मिनिटाचा असतो. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. सिनेटरचं नाव सांगा, जोडून देतात. पलीकडे बहुधा एखादी इंटर्न असते. आपलं नाव, गाव, झिपकोड, नॉमिनीचं नाव, कुठलं कोर्ट, ‘कृपया होकार द्यावा’, धन्यवाद. वाद घालायचा नाही, सिनेटरच्या इतर धोरणांवर घसरायचं नाही. आमच्या एका मैत्रिणीनं त्याच फोनवर आरोग्यविम्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. इंटर्ननं कशाखाली टिपलं असेल देव जाणे. ग्रीनकार्डवाले विचारतात, आम्ही नागरिक नाही, चालेल का? चालेल. तुम्ही त्या राज्यात राहता, एवढं पुरतं. पण नसलेलं नागरिकत्व ‘मतदार म्हणून’ असं लिहून ओढवून घेऊ नका.

मंडळाच्या नावानं काही करायचं असेल तर खजिनदारांना आधी बसवून घ्या. आपली बहुतेक मंडळं ५०१(सी)(३) वर्गातली करमुक्त संस्था असतात. निवडणुकीतल्या उमेदवाराला पाठिंबा द्यायला त्यांना साफ मनाई आहे, आणि म्हणून लोकांना वाटतं की इथेही बंदीच असणार. तसं नाही. न्यायाधीशाचं नाव म्हणजे निवडणूक नव्हे. पण सिनेटच्या होकारासाठी प्रयत्न करणं हे करखात्याच्या १९८८च्या सूचनेनुसार लॉबिंग धरलं जातं. ते करता येतं, पण मर्यादेत, संस्थेच्या कामाचा किरकोळ भाग म्हणून, आणि वर्षाच्या विवरणपत्रात दाखवून. आमच्या कार्यकारिणीनं दोन तास भांडून ठरवलं की मंडळानं काही करू नये, ज्याला करायचं त्यानं स्वतःच्या नावानं करावं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला. गणपतीची वर्गणी आणि सिनेट, दोन्ही एका चेकबुकातून नको.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणी बहुधा बुधवारी सकाळी, वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या डर्कसन इमारतीतल्या २२६ नंबरच्या खोलीत. मी पहाटे मेट्रोपार्कहून ॲमट्रॅक धरली, तीन तासांत युनियन स्टेशन. तिथून डर्कसन चालत दहा मिनिटं. सामान्य लोकांना बसायला जागा असते पण थोडी, रांग लावावी लागते. घरी बसूनही थेट प्रक्षेपण दिसतं, त्यामुळे गेलंच पाहिजे असं काही नाही. गेलात तर फलक नको, टाळ्या नकोत, मध्येच ‘करेक्ट!’ म्हणून ओरडणं नको. पोलीस उचलून बाहेर नेतात, आणि बातमी नॉमिनीच्या नावानं होते.

पाहून थोडी निराशा होईल, आधीच सांगते. अपील कोर्टाच्या नॉमिनीला तासभर धारेवर धरतात. मग डिस्ट्रिक्ट कोर्टाचे चार-पाच जण एका रांगेत बसवतात आणि एकेकाच्या वाट्याला जेमतेम काही प्रश्न येतात. बाईंना दोन प्रश्न आले. आई-वडील मागे बसले होते, त्यांची ओळख करून दिली, तेव्हा वडिलांनी उभं राहून नमस्कार केला. तेवढं मात्र प्रक्षेपणात आलं नाही, कॅमेरा दुसरीकडे होता.

त्यानंतर सिनेटर लेखी प्रश्न पाठवतात, कधी कधी पन्नास-पन्नास पानांची उत्तरं होतात. तेव्हा तुमचं काहीच काम नाही. मग कमिटीच्या बैठकीच्या यादीत नाव लागतं आणि त्याच दिवशी पुढे ढकललं जातं. आमच्या ग्रुपवर ‘अडवलं! अडवलं!’ म्हणून हलकल्लोळ. काही अडवलेलं नसतं. कुणाही सदस्यानं म्हटलं की एक आठवडा पुढे, हा तिथला रिवाज आहे. सांगलीच्या कोर्टात पहिली तारीख कुणी गंभीरपणे घेत नसे, तसंच.

पूर्ण सिनेट, आणि वाट पाहणं

कमिटीतून बाहेर पडलं की नाव सिनेटच्या यादीवर जातं आणि तिथे बसून राहतं. नोव्हेंबर २०१३पासून चर्चा थांबवायला साधं बहुमत पुरतं, आणि एप्रिल २०१९पासून डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या नावावर त्यानंतरची चर्चा तीस तासांऐवजी दोन तासच. तरीसुद्धा मतदानाचा वेळ मिळणं बहुमताच्या नेत्याच्या हातात. या काळात करण्यासारखं एकच: ज्यांचं मत कळत नाही अशा सिनेटरच्या राज्यात तुमचे नातेवाईक असतील तर त्यांना तो अर्ध्या मिनिटाचा फोन करायला सांगा. नागपूरचा मावसभाऊ टेक्सासात असतो, त्याचा तिथला फोन तुमच्या दहा फोनांपेक्षा भारी.

मतांचे आकडे पाहून मन खट्टू करून घेऊ नका. आमच्या ट्रेंटनला झाहिद कुरेशी जून २०२१मध्ये ८१ विरुद्ध १६ मतांनी आले. तिसऱ्या अनुच्छेदाखाली नेमलेले देशाचे पहिले मुस्लिम न्यायाधीश. मार्च २०२३मध्ये अरुण सुब्रमण्यन न्यूयॉर्कसाठी ५९ विरुद्ध ३७नं. विरोधातली मतं पुष्कळदा माणसाविरुद्ध नसतात, नाव देणाऱ्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध असतात.

आणि परत आलेलं नाव म्हणजे संपलेलं नाव नव्हे. सत्र संपलं की उरलेली नावं सिनेट नियमानुसार राष्ट्राध्यक्षांकडे परत पाठवतं. डायेन गुजराती यांचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. २०१६मध्ये ओबामांनी त्यांचं नाव दिलं, मतदान झालंच नाही, नाव परत गेलं. २०१८मध्ये ट्रम्पनी, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी, तेच नाव पुन्हा दिलं. सप्टेंबर २०२०मध्ये त्या ९९ विरुद्ध शून्य मतांनी आल्या. चार वर्षं. आमच्या बाईंचंही एकदा परत गेलं होतं. तेव्हा जुन्या पत्राची तारीख बदलून पाठवू नका. आधीच्या पत्राचा उल्लेख करून, आता दुसऱ्यांदा का लिहितोय ते चार ओळींत नव्यानं लिहा.

मत झालं, कमिशनवर, म्हणजे नेमणूकपत्रावर, सही झाली, की शपथ होते. गरीब-श्रीमंत दोघांना सारखाच न्याय देईन, असं त्या शपथेत शब्दशः आहे. काही महिन्यांनी कोर्टात थाटाचा समारंभ होतो. बोलावलं तर जा, पेढे घरीच ठेवा, कारण आता भेटवस्तूंचे नियम लागू झाले. त्यानंतर फोन नाही, ‘माझा भाचा क्लार्कशिपसाठी (न्यायाधीशाच्या हाताखालच्या नोकरीसाठी) अर्ज करतोय’ नाही. आणि तुमची फर्म त्या कोर्टात जात असेल तर पत्राची सही केलेली प्रत तारखेसह फाइलला लावून ठेवा, कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे हितसंबंधांच्या, यादीत न्यायाधीशांचं नाव घाला. पुढे एखादा दावा त्यांच्यासमोर लागला तर पहिल्याच दिवशी ते पत्र उघड सांगावं लागेल आणि तेव्हा ते शोधत बसायला वेळ नसतो. आमची प्रत मी लाल फोल्डरमध्ये ठेवलीय. कोपऱ्यात पेन्सिलीनं जावक क्रमांकही घातलाय. इथे जावक रजिस्टर नसतं, पण वडिलांची सवय.